कॅरम बोर्डवर मांडलेला बदला

मी एक जुना कॅरम बोर्ड आहे. पण मित्रांनो, माझ्यावर कॅरम खेळून कितीतरी वर्षं झाली. माझ्यावर फुटबॉलची मांडणी ठरते. मागे किती जण, मधे किती, पुढे किती, ते सोंगट्या ठेवून बघतात.

वसमतच्या जळबा सुताराने मला घडवलं. चारही बाजूंना त्याने बाभळीच्या पट्ट्या ठोकल्या आणि गावातल्या एका क्रीडा मंडळाने मला नेलं. तिथे रामप्रसाद हे प्रशिक्षक होते आणि बुद्धभूषण त्यांचा मदतनीस. नऊ पांढऱ्या सोंगट्या, लाल राणी आणि एक चिंचोका, असे आमचे अकरा खेळाडू. राणी म्हणजे गोलकीपर. नऊ काळ्या आणि दोन चिंचोके म्हणजे समोरचा संघ. माझी वाहवा व्हायची. लोक म्हणायचे, रामप्रसादचा बोर्ड बोलतो.

मी बोलत नाही, हेच तर दुःख आहे. एका अंतिम सामन्याच्या सकाळी रामप्रसादांनी स्वतःच्या हाताने मागच्या तीन सोंगट्या उचलून पुढे ठेवल्या. मागं उघडं पडंल, असं बुद्धभूषण दोनदा म्हणाला. संघ तीन गोलांनी हरला. संध्याकाळी मंडळाच्या कमिटीच्या बैठकीत रामप्रसादांनी सांगितलं की मांडणी बुद्धभूषणची होती. त्याने खरं सांगून पाहिलं, पण कुणी मानलं नाही. सहा वर्षं राबलेल्या माणसाला काढून टाकलं. मी तिथेच भिंतीला टेकून उभा होतो. साक्षीदार एकटा मी, आणि मला तोंड नाही.

पुढच्या महिन्यात मंडळात लोहचुंबकाचा नवा बोर्ड आला आणि मी पाण्याच्या टाकीचं झाकण झालो. माझी एक कड ओलीने फुगली. बुद्धभूषण आपले बूट न्यायला आला तेव्हा त्याने मला टाकीवरून उचललं, गाडीला बांधलं आणि कनेरगाव नाक्यावर आणलं.

नाक्यावर त्याचं टायरचं दुकान आहे. मागच्या मोकळ्या रानात त्याने दोन वर्षांत गावातल्या आणि तांड्यावरच्या मुलींचा संघ उभा केला. रोज तो मला कोरड्या फडक्याने पुसायचा, पावडर टाकायचा. आणि पुसताना एकच गोष्ट म्हणायचा: एकदा रामप्रसादला हरवायचं. मित्रांनो, खोटं कशाला सांगू, मलाही तेच हवं होतं.

यंदा जिल्ह्याच्या मुलींच्या स्पर्धेत सहा संघ होते. आमचे चार सामने झाले. चारही हरलो. एकोणीस गोल खाल्ले, एकही मारला नाही. ज्या संघाला एकही गुण नाही, त्याला पुढच्या वर्षी प्रवेश नाही, असा नियम होता. उरला होता एकच सामना, आणि तो रामप्रसादांच्या संघाशी. त्यांना कप घ्यायला विजयच हवा होता. बरोबरी झाली तर कप कळमनुरीच्या संघाला जाणार होता.

बुद्धभूषणने माझ्यावर मागे तीन, मधे तीन, पुढे चार अशी मांडणी केली. त्याला गोल हवे होते, जमतील तितके. कप्तान पुजा तांड्यावरची. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली.

"सर, काहून हरून राहिलो आपण, सांगू?" ती म्हणाली. "हा बोर्ड चौकोनी हाय. मैदान लांब हाय. मी पावलानं मोजलं. शंभर लांब, साठ रुंद."

पुजाने खडू घेतला. माझ्या रुंदीचे पाच भाग केले आणि दोन्ही कडांचा एकेक भाग रेघ मारून बाद केला. मग सोंगट्या त्याच ओळींत, पण उरलेल्या पट्टीत सरकवून ठेवल्या. तेव्हा दिसलं. मागच्या आणि पुढच्या ओळींमधे एवढी जागा मोकळी होती की काळ्या सोंगट्यांनी तिथे बसून जेवण केलं असतं. आठ वर्षं ही चूक माझ्या अंगावर होत होती, आणि मीही ती पाहिली नव्हती.

पुजाने पाच सोंगट्या मागे ओढल्या, चार त्यांच्या पुढे लावल्या आणि चिंचोका एकटा टोकाला ठेवला.

"मग गोल कोण मारंल?" बुद्धभूषणने विचारलं.

"कोणीच न्हाई. आमाला एक गुण पायजे. पुढल्या साली खेळायचं हाय, सर."

"मला त्या माणसाला हरवायचंय, पुजा."

"बरोबरी झाली तर त्याचा कप जातो न्हवं?"

तो बोटाने माझ्यावरच्या सोंगट्या मोजू लागला. मग हसला. ते हसू चांगलं नव्हतं. मला मात्र फार आवडलं.

सामन्याला त्याने मला मैदानाच्या कडेला, स्वतःच्या पायाशी ठेवलं. रामप्रसादांच्या वसमतच्या मुलींनी गोलाच्या दिशेने तेवीस फटके मारले. सोळा आमच्या मुलींच्या अंगावर अडले, सहा आमच्या गोलकीपर सपनाने धरले, एक खांबाला लागला. शेवटच्या मिनिटांत चेंडू आमच्याकडे आला आणि बुद्धभूषणचा तोल गेला. सगळ्या पुढं जा, असं तो ओरडू लागला. पुजाने मागे वळून न बघता हात आडवा केला. पाचही जणी जागच्या हलल्या नाहीत. शिट्टी वाजली. शून्य-शून्य.

कप कळमनुरीला गेला. रामप्रसाद मंडळाच्या कमिटीच्या लोकांदेखत आमच्याकडे आले.

"पाच पोरी मागं उभ्या करून फुटबॉल खेळतेत व्हय? कोणाच्या डोक्यातून निघालं हे?"

बुद्धभूषणने पुजाचा हात धरून तिला पुढे केलं.

"हिच्या," तो म्हणाला. "मी तर उलटं मांडलं व्हतं. ज्याची मांडणी त्याचं नाव सांगावं, रामप्रसादभाऊ. सोपं असतंय."

कमिटीतले दोन जण खाली बघू लागले. रामप्रसाद गाडीकडे गेले.

मित्रांनो, वस्तू जुनी झाली म्हणून तिला टाकीवर टाकू नका. तिला ओलीपासून जपा, आठवड्यातून एकदा तरी पुसा. ती बोलत नसली तरी तिच्यावरून कुणाचा हात फिरला, ते तिला ठाऊक असतं. मुलींना पुढच्या वर्षीचा प्रवेश मिळाला. बुद्धभूषण आता मला पुसताना रामप्रसादांचं नाव घेत नाही. त्याचं समाधान झालं असावं.

माझं अजून झालेलं नाही.