गुरुवारचं गणित

मी राउटर बोलतोय. चाकणला लागून असलेल्या मेदनकरवाडीत, रणजीतच्या घराच्या वरच्या खोलीत, दोन खिळ्यांवर टांगलेला. काळा रंग, दोन उभे कान, पोटावर पाच दिवे. व्हिडिओ अडकला की घरातले सगळे माझ्याकडे रागानं बघतात. कुणी पाठीत चापट मारतं. खरं तर नेट मी देत नाही. ते खाली दारापाशी बसलेल्या मोडेममध्ये येतं, तिथून एका वायरीनं माझ्यापर्यंत पोचतं. मी फक्त वाटतो.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला, मला आठवत नाही. मला आठवतं ते पिंपरी कॅम्पातलं दुकान. वर्षभर खोक्यात पडून होतो. एका गुरुवारी कंपनीचा निळा शर्ट घातलेला एक माणूस आला आणि दुकानदाराला म्हणाला, "खालचं नेट स्लॅबच्या वर येत न्हाई. बायकोला वर बसून काम करायचंय. ह्यानं जमंल का?"

तो रणजीत. चाकणच्या एका कारखान्यात ब्रेकचे भाग तयार होतात, त्यांची मापं तपासायचा. या कारखान्यांच्या पट्ट्यात आठवड्याची सुट्टी गुरुवारची. म्हणून त्याच्या घरातलं सगळं मोठं काम गुरुवारीच व्हायचं. मला जोडायचं कामही.

जोडताना त्यानं धाकट्या भावाला, कुलदीपला, हाताशी घेतलं. कुलदीपनं खोकं फाडलं आणि वायर दिसेल त्या भोकात खुपसली.

"थांब की, कुल्या. समद्यात घाई. आधी मोडेम बंद कर."

"कशाला? चालूवरच जोडू."

"बंद कर म्हन्तो ना. आन् ही चार पिवळी भोकं न्हाईत घ्यायची. ह्ये एकच निळं हाय बघ, मोडेमकडनं येनारी वायर ह्याच्यात. आता मोडेम चालू कर. दोन मिन्टं थांबायचं, त्याचे दिवे लागू द्यायचे, मग ह्याला चालू करायचं. थोरला जागा झाला की मग धाकट्याला उठवायचं."

"आपल्यात उलटंच हाय, दादा. थोरला पहाटं पाचला उठतो आन् मलाबी झोपू देत न्हाई."

साधना, रणजीतची बायको, दारात उभी राहून हसली. माझा पाचवा दिवा लागला. त्या घरातलं पहिलं हसू मी तेव्हा ऐकलं.

माझ्यातून नेटची दोन नावं निघतात. एक घराचं. त्याचा पासवर्ड कधी बदलला नाही. दुसरं नाव रणजीतनं मुद्दाम काढलं, फक्त कुलदीपसाठी. त्याचा पासवर्ड दर गुरुवारी बदलायचा.

त्याचं कारण असं. कुलदीपनं नववीत शाळा सोडली होती. एका कंपनीत तीन महिने, दुसरीत दोन, कुठे कुणी आवाज चढवला की हा गेटच्या बाहेर. रणजीतनं त्याचा दहावीचा सतरा नंबरचा फॉर्म भरला, म्हणजे शाळेत न जाता परीक्षेला बसता येतं. पण कुलदीप पुस्तक उघडेना. मग रणजीतनं ही युक्ती काढली. गुरुवारी चहा झाला की कागदावर एक गुणाकार लिहायचा, चार आकड्यांना चार आकड्यांनी. उत्तर आठ आकडी. तेच उत्तर म्हणजे कुलदीपचा पासवर्ड. तोवर कुलदीपचा फोन रणजीतच्या खिशात, म्हणजे त्यावर हिशेब करायची सोय नाही. सोडव, मग नेट.

कुलदीप शिव्या द्यायचा, पण सोडवायचा. गुणाकार त्याला येत होता. रागात असला की हातचा विसरायचा.

"हातचा कुठं गेला?" रणजीत विचारायचा.

"गेला असंल चाकणला, कांद्याच्या गाडीत बसून."

"मग त्याला आन घरी परत."

एका गुरुवारी गणित होतं ४२८६ गुणिले ७३१५. कुलदीप दोनदा चुकला. तिसऱ्यांदा उत्तर आलं ३१३५२०९०. त्यानं ते फोनमध्ये टाकलं, मी त्याला आत घेतलं आणि तो असा ओरडला की खालून त्याची आई शालनबाई जिन्यापर्यंत आली. "काय रं, पडला का काय?" त्या आठवड्यात त्यानं तो आकडा दहा जणांना म्हणून दाखवला. पासवर्ड कुणाला सांगायचा नसतो हे त्याच्या गावीच नव्हतं.

पुढचा गुरुवार वाईट निघाला. आदल्या दिवशी कुलदीप सुपरवायझरशी भांडून काम सोडून आला होता. रणजीतनं त्याबद्दल एक शब्द काढला नाही. नेहमीसारखा नवा पासवर्ड लावला आणि गणिताचा कागद पुढे ठेवला. बोलला असता तर बरं झालं असतं, असं मला वाटतं. कुलदीप भांडणाच्या तयारीत बसला होता आणि भांडण मिळालं नाही.

"मी काय शाळंतलं पोर हाय का?" तो उठला. "आख्खी गल्ली हसती मला. ठेव तुझं नेट तुझ्यापाशी." त्यानं कागद फाडला, तुकडे खिडकीतून गटारात टाकले. दादाच्या खिशातून आपला फोन ओढून घेतला, त्यातून माझं नावच पुसून टाकलं आणि धाडधाड जिना उतरला.

साधना म्हणाली, "कशाला सारखं त्याच्या मागे लागता?"

रणजीत पलंगावर बसला. मग त्यानं फोन काढला, माझ्या आत शिरला आणि नवा पासवर्ड काढून मागच्या आठवड्याचाच परत टाकला. ३१३५२०९०. म्हणाला, "ह्यो त्याला पाठ हाय. राग गेला की यील आत. फुडच्या गुरुवारी सोपं दीन."

हे साधनानं पाहिलं आणि मी पाहिलं. कुलदीपला कुणी सांगितलं नाही. चार दिवस दोघं भाऊ एकमेकांशी बोललेच नाहीत.

रणजीत पहिल्या पाळीवरून परतताना गल्लीच्या तोंडाशी आला की त्याचा फोन मला लागायचा. चार वाजून पाच-दहा मिनिटं. घरातल्या कुणाच्याही आधी मला कळायचं की तो आला. सोमवारी चार वाजले. साडेचार झाले. त्याचा फोन मला लागला नाही. खाली शालनबाईंचा आवाज आला, आणि तसला आवाज मी पुन्हा ऐकलेला नाही. तळेगाव रस्त्यावर ट्रेलरखाली त्याची गाडी गेली होती.

दोन दिवसांनी पोलिसांनी फोन परत दिला. काच फुटली होती, पण फोन चालू होता. कुणीतरी तो खाली चार्जिंगला लावला. लावल्याबरोबर तो मला सापडला. एक क्षण मला वाटलं, आला. माणसांना सवय मोडायला दिवस लागतात म्हणे. आम्हा यंत्रांना तर सवय मोडताच येत नाही.

त्या दिवसापासून कुलदीप माझ्यासमोर बसू लागला. एक जुनी वही घेऊन. फाडलेल्या कागदावरचं गणित आठवायचा प्रयत्न करायचा. पहिला आकडा सहा होता का आठ? शेवटी पाच होता का? आठवेल तसं लिहायचा, गुणायचा, उत्तर फोनमध्ये टाकायचा. मी नाही म्हणायचो. मला नाही म्हणावंच लागायचं. पुन्हा गुणायचा. वहीची पानंच्या पानं भरली. हातचा एकदाही विसरला नाही. ज्या माणसासाठी हे सगळं, तो बघायला नव्हता.

आणि आत जो खरा आकडा होता, तो त्याला पाठ होता. मला तोंड नाही. असतं तर भिंतीवरून खाली उडी मारून सांगितलं असतं.

बाराव्या दिवशी वीज गेली आणि आली ती जोरात आली. खालचा जुना मोडेम जळाला. काल नेटवाला निरंजन आला, नवा मोडेम बसवला, माझी वायर त्याला जोडली. आधी तो, दोन मिनिटांनी मी. चार दिवे लागले. पाचवा, नेटचा, लागेना.

"ह्याच्यात जुन्या मोडेमची सेटिंग आहे," निरंजन म्हणाला. "बदलायला आतला पासवर्ड लागेल, नेटचा नव्हे, सेटिंग उघडायचा. कुणाकडे आहे?"

"दादाकडं," कुलदीप म्हणाला.

निरंजननं हातातली वायर खाली ठेवली. मग हळूच म्हणाला, "मग रिसेट मारावा लागेल, भाऊ. मागच्या भोकात पिन दाबून धरायची, दहा सेकंद. आतलं सगळं पुसलं जाईल, नव्यानं भरू."

"हात लावायचा न्हाई त्याला!" कुलदीपनं त्याचं मनगट धरलं. शालनबाई धावत वर आल्या, म्हणून सुटलं. निरंजन जिन्यावरून म्हणाला, "तुमचं मन होईल तेव्हा फोन करा. काय करायचं ते मी फोनवरच सांगेन."

आज सकाळी अकराला साधनाची मुलाखत आहे. वाकडच्या एका ऑफिसची नोकरी, घरात बसून फोनवर लोकांच्या अडचणी ऐकायची. अर्ज रणजीतनंच भरून दिला होता. तिनं एकदा पुढची तारीख मागून घेतली होती, आता तिसरी मिळणार नाही. मोबाईलचं नेट या खोलीत टिकत नाही. खाली नव्या मोडेमजवळ बसावं, तर सतरंजीवर भेटायला आलेल्या बायका आहेत. तेरावा होऊन एक दिवस नाही झाला, आणि ही नोकरीचं बोलतेय, असं कुणी म्हटलं तर? शालनबाईंनी तिला सांगितलं, "तू वर बसून बोल, पोरी. खाली कोन काय म्हन्तंय ते मी बघते."

ती वर आली तेव्हा कुलदीप वही घेऊन बसलेला होता. दहा वाजले होते.

"कुलदीप, नेट चालू करून दे. मला अकराला बसायचंय."

"करतो, वहिनी. येवढं एक गणित."

"कसलं गणित?" तिनं वही हातात घेतली. पानं उलटली. "हे सगळं कसलं आहे?"

"दादानं दिलेलं शेवटचं. मी फाडलं ते." "त्याचं उत्तर ह्याच्यात हाय. रिसेट मारला तर जाईल. मला ते सोडवून आत जायचंय. एकदाच. मग मारा रिसेट."

साधना खाली बसली. "अरे, तो आकडा आत नाहीच. तू गेलास आणि त्यांनी मागचाच परत टाकला. माझ्यासमोर. म्हणाले, ह्यो त्याला पाठ हाय. राग गेला की येईल आत."

"खोटं."

"मी खोटं बोलेन? त्यांच्याबद्दल?"

"मग सांगितलं का न्हाई मला?"

"तू हे करतोस ते तरी कुठं सांगितलंस?"

कुलदीपनं फोन उचलला. एकेक आकडा न चुकता दाबला. तीन, एक, तीन, पाच, दोन, शून्य, नऊ, शून्य. मी त्याला आत घेतलं. फोनवर आलं, जोडलं गेलंय, पण इंटरनेट नाही. त्याला इंटरनेट नकोच होतं. तो वहीवर डोकं ठेवून लहान पोरासारखा रडला. साधनाचा हात त्याच्या पाठीवर होता. तिनं एकदा घड्याळाकडे पाहिलं, पण त्याला उठ म्हणाली नाही.

तो आपणहून उठला. निरंजनला फोन लावला, "काल चुकलं माझं, भाऊ. आता सांग, कुठलं भोक?" वहिनीकडे हात केला. तिनं साडीची सेफ्टी पिन काढून दिली.

आता ती पिन माझ्या पाठीशी टेकली आहे आणि कुलदीप थांबला आहे. कारण मला माहीत आहे. दहा सेकंदांनी माझ्यातून सगळं जाईल. दोन्ही नावं, रणजीतनं शेवटचं बोट लावलेला तो आकडा, गल्लीच्या तोंडाशी लागणारा त्याचा फोन. हे सगळं मी सांगून टाकलं ते त्याचसाठी. यानंतर मला काही विचारू नका.

कुलदीप, दाब. माझ्यात दादा नाही रे. मी एक काळी डबी आहे. तो आकडा माझा नाही, आणि त्याचाही नाही. दोनदा चुकून तिसऱ्यांदा तू तो स्वतः काढलास, म्हणून त्यानं तुझ्यासाठी तोच ठेवला. तो कुठल्याही पिनेनं पुसला जात नाही.

साडेदहा झाले. वहिनी केस नीट करून बसल्या आहेत. दाब, आणि दहापर्यंत मोज.