गाडी गरम होईपर्यंत

भूमितीच्या मास्तरांचा त्या लाल जपानी गाडीवर जीव जडला तो मुलगी पाहायला गेले तेव्हाच. भावी सासऱ्यांच्या शेडमध्ये ती उभी होती. बसकी, निमुळती, बटण दाबलं की दिवे पापण्या उघडल्यासारखे वर येत. आणि इंजिन? त्यात वरखाली होणारं काहीच नाही, फुगीर बाजूंचे दोन त्रिकोण नुसते गरगर फिरतात. धडधड नाही, एकच लांब सूर. जन्मभर फळ्यावर काढलेला त्रिकोण इथे गात होता.

लग्न होताच सासऱ्यांनी जावयाचं पाणी जोखलं. "जावईबापू, धुवायला बाहेर काढा. धुऊन झाल्यावर चालवत आत आणलीत, की गाडी तुमची."

मास्तर गाडी सुरू करून अंगणात आणत. लगेच सासरे ओरडत, धूर घरात येतोय, बंद करा. मास्तर बंद करत, मन लावून धूत, आणि मग किल्ली फिरवली की नुसती घरघर. सासरे पायरीवर खुर्ची टाकून बसलेले, कुंपणापाशी शेजारी.

"आमची मुलगी तरी सुरू झाली का?" ते विचारत, आणि सगळे हसत. बायकोही तोंडावर हात धरून हसे. शेवटी मास्तर गाडी ढकलत आत नेत. दर भेटीला हेच. ओळखीच्या मेकॅनिकला गाडीची ही जातच ठाऊक नव्हती. खोट आपल्याच हातात आहे, अशी मास्तरांची हळूहळू खात्री पटली.

सासरे गेले. बायकोने गिऱ्हाईक शोधलं. ठेवून घेऊ या का, असं मास्तरांनी चाचरत विचारून पाहिलं. अट कुठे पुरी केलीत, असं ती म्हणाली आणि गाडी पुसायला फडकं दिलं.

गिऱ्हाईक आलं तेव्हा तिने स्वतः गाडी बाहेर काढली. इंजिनच्या तापमानाचा काटा मध्यावर येईपर्यंत चालू ठेवली, बंद केली, पुन्हा किल्ली फिरवली. पहिल्याच फटक्यात सुरू.

"थंड असताना चालू करून लगेच बंद करायची नाही," तिने गिऱ्हाइकाला समजावलं. "आत पेट्रोल तुंबतं, मग ती ऐकत नाही. शाळेत होते तेव्हापासून बघतेय मी."

मास्तर ओलं फडकं धरून उभे होते. गाडी फाटकाबाहेर गेली तसे ते बायकोकडे वळले.

"मला का नाही सांगितलंस?"

"बाबांना तेवढीच करमणूक होती."

"आणि तुला?"

ती रिकाम्या शेडचं दार ओढून घेत होती. मग हसू आवरेना, म्हणून तिने तोंडावर हात धरला.