पन्नासच्या खाली

कारखान्यात तिला तोंडावर मॅडम म्हणत आणि पाठीमागे टिटवी. दिवसभर लोकांच्या कानात टूं-टूं करणाऱ्या बाईला दुसरं काय म्हणणार? पत्रा ठोकून आकार देणाऱ्या प्रेसच्या खात्याला लागून तिची खोली होती, दुहेरी दाराची, आतून जाड फोम लावलेली. टेबलावर लॅपटॉप, खुंटीवर हेडफोन आणि दोन्हींच्या मधे काडेपेटीएवढा काळा अडॅप्टर. लॅपटॉपने सांगितलेला आकडा घ्यायचा आणि तेवढाच आवाज हेडफोनला द्यायचा, एवढंच त्याचं काम. माणूस खुर्चीत बसे, आवाज आला की बटण दाबे. आवाज पाच-पाच डेसिबलने उतरत जाई. जितक्या खालच्या आकड्यावर बटण दाबलं जाई, तितका कान चांगला. दहाच्या खाली ती जात नसे; खोली काही तेवढी शांत नव्हती. दहा आला की कान ठणठणीत, पुढचा माणूस.

तिचा धाकटा भाऊ त्याच कारखान्यात फिटर होता. त्याला सगळे डॉक्टर म्हणत. बेअरिंग बिघडायला लागलं की ते कुरकुरायच्या आधीच त्याला कळे. मशीनपाशी दोन मिनिटं मान वाकडी करून उभा राहायचा आणि सांगायचा, "हिचे आठ दिवस राहिले." सातव्या दिवशी बेअरिंग बदललं जाई आणि उघडून बघावं तर खरोखर चरे पडलेले असत. पण मागच्या आठवड्यात मोठ्या प्रेसचं बेअरिंग भर पाळीत जाम झालं. त्या सकाळी डॉक्टरच मशीनपाशी उभा राहून "काही नाही, चालू द्या" म्हणून गेला होता.

"ताई, कान बघ बरं माझे," पाळीच्या बऱ्याच आधी, सकाळीच तो आत येऊन म्हणाला. "मशीन सकाळपासून शिटी मारत होतं म्हणे. सगळ्या खात्याला ऐकू आलं, मला सोडून."

"सगळ्या खात्याला?"

"झाडूवाल्या मावशींनासुद्धा. त्याच सांगत सुटल्यात, आता डॉक्टरलाच दवाखान्यात न्या म्हणून."

तिने त्याला बसवलं. दोन्ही कान, खालच्या पट्टीपासून उंच पट्टीपर्यंतचे सहाही सूर. सगळीकडे दहा.

"घे. लहान मुलाचे कान आहेत तुझे. लक्ष कुठे असतं हल्ली?"

"खरंच?" त्याचा चेहरा उजळला. "म्हणजे डोकंच गेलंय, कान नाही. मग हरकत नाही, डोक्याचं तिथे कुणाला काही काम नसतं." दारात तो थांबला. "आणि तसंही हल्ली पेपर सोपा काढतेस तू. सगळे म्हणतात."

"कोण सगळे?"

"सगळेच. पूर्वी शेवटी शेवटी कान टवकारून बसावं लागायचं. आता शेवटपर्यंत कसं स्पष्ट."

तो गेला. ती मात्र त्या वाक्याशी अडकून बसली. तपासणी सोपी कशी होईल? दहा म्हणजे दहाच.

तिने मागच्या सव्वा वर्षाचे आलेख काढले आणि चार हजार हर्ट्झच्या उंच सुराचे आकडे एका कागदावर उतरवले, कारण गोंगाटाने कान आधी तिथेच खचतो. दोनशे चौदा माणसं. दोनशे नऊ जणांना दहा. पाच जणांना पंचावन्न किंवा त्याहून जास्त. पंधरा, वीस, तीस, चाळीस, पन्नास – एकही नाही. जिन्याच्या मधल्या पायऱ्याच कुणी काढून न्याव्यात तसं. माणसांचे कान असे येत नाहीत. कुठलीच मोजमापं अशी येत नाहीत, हे ती कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी शिकली होती.

आणि तरी सव्वा वर्षात तिला ते दिसलं नव्हतं. दिसलं नव्हतं कसं म्हणावं? दिसलं होतं आणि आवडलं होतं. त्याच सुमारास तिने हट्टाने सगळ्यांना कानात घालायचे प्लग वाटले होते, खात्याखात्यात जाऊन ते कसे घालायचे ते दाखवलं होतं. आकडे सुधारले तेव्हा तिने वार्षिक अहवालात लिहिलं, प्लगमुळे फरक पडला. त्याबद्दल मिळालेलं प्रशस्तिपत्र समोरच्याच भिंतीवर होतं.

रोज सकाळी हेडफोन स्वतःच्या कानाला लावून बघायचा, असा नियम होता. तोही तिने पाळला होता, एकही दिवस न चुकता. पण लहानपणी गालगुंड झाल्यापासून तिचा डावा कान अधू होता. तिचा कान अधू म्हणून मशीनला दोष नको, असा विचार करून ती हेडफोन उलटा फिरवायची आणि दोन्ही बाजू उजव्याच कानाने ऐकायची. तेही मोठ्या आवाजात, खरखर येते का एवढ्यापुरतं. मग फॉर्मवर खूण. ऐकू आला, ऐकू आला.

आता तिने हेडफोन सरळ घातला. डाव्या कानाला चाळिसाच्या खालचं काही कळत नाही, हे तिला वीस वर्षं माहीत होतं. तिने आकडा दहावर आणला आणि बटण दाबलं.

टूं. अगदी स्पष्ट.

तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

मग ती कामाला लागली. आधी साध्यासुध्या गोष्टी. लॅपटॉप बंद करून चालू केला. अडॅप्टर दुसऱ्या खाचेत घातला. लॅपटॉपला अडॅप्टरशी बोलायला शिकवणारा ड्रायव्हर काढून टाकला, पुन्हा बसवला. आवाजाच्या सेटिंगमध्ये 'सुधारणा' नावाची जी जी खूण होती ती काढली. शेजारच्या दवाखान्यातून दुसरा लॅपटॉप उसना आणला. मग खात्यातला गोंगाट मोजायचा मापक हेडफोनच्या वाटीला फोमने घट्ट दाबला आणि ऐंशीपासून पाचापाचाने खाली उतरली. ऐंशी, पंचाहत्तर, सत्तर. मापक इमानदारीने बरोबर उतरत होता. पन्नासला तो थांबला. पंचेचाळीस मागितलं, पन्नास. तीस मागितलं, पन्नास. दहा मागितलं, पन्नास. दुसऱ्या लॅपटॉपवरही तेच.

म्हणजे दोष लॅपटॉपचा नव्हता, ड्रायव्हरचाही नव्हता. अडॅप्टरच्या पोटात जी आज्ञावली असते, ते फर्मवेअर, तेच हळू आवाज उचलून वर आणत होतं. तिने त्याची आवृत्ती शोधली. सोळा महिन्यांपूर्वी कारखान्याच्या नेटवर्कवरून आपोआप चढली होती. सोबत एक ओळीची टीप होती: 'हळू आवाज आता अधिक स्पष्ट.'

तिने बनवणाऱ्यांच्या मदत केंद्राला फोन लावला. पलीकडचा माणूस गोड बोलणारा होता.

"हो मॅडम, ते नवीन आहे. लोकांना फार आवडलंय. बसमध्ये गाणी ऐकताना–"

"मी गाणी ऐकत नाही. मी कान तपासते. हे बंद कसं करायचं?"

"बंद नाही होत मॅडम, ते आतच आहे."

"मग जुनी आवृत्ती परत टाकून द्या."

"नवीन चढलं की जुनं घेत नाही तो." तो जरा घुटमळला. "एक फाइल पाठवतो. आमच्या इथे कुणी कुणी केलंय. पण मी सांगितलं असं म्हणू नका."

फाइल आली. तिने ती चढवायला घेतली. पट्टी सरकत सरकत बासष्ट टक्क्यांवर गेली, 'अमान्य' असा शब्द आला आणि अडॅप्टरवरचा निळा दिवा विझला. त्यानंतर लॅपटॉप त्याला ओळखायलाच तयार होईना. तिने पुन्हा फोन केला.

"अरेरे," तो माणूस म्हणाला. "मग गेला तो."

कपाटात एक जोडीचा अडॅप्टर होता, त्याच वेळी घेतलेला, पाकीट न फोडलेला. तिने आधी लॅपटॉपचं नेटवर्क तोडलं, तार उपटली, वायफाय बंद केलं, दोनदा खात्री केली, आणि मगच तो जोडला. आवृत्ती जुनी. मापक पन्नासच्या खाली उतरला, चाळीस, पस्तीस, तीस. त्याच्या खाली त्यालाच मोजता येत नव्हतं. तिने हेडफोन डाव्या कानाला लावला आणि दहावर बटण दाबलं. काहीच नाही. इतकं बरं तिला सकाळपासून कशानेच वाटलं नव्हतं.

तिने भावाला परत बोलावलं.

"परत?" तो म्हणाला. "दहाचे पाच करून देतेस की काय?"

"बस."

ती त्याच्याकडे बघत राहिली. खालच्या सुरांना त्याचं बटण पटापट दाबलं गेलं. चार हजारला ती उतरत गेली, साठ, पंचावन्न, पन्नास, पंचेचाळीस. चाळीसवर तो शांत बसला होता, डोळे मिटून, मान वाकडी करून, मशीनपाशी उभा राहायचा तसा. ती पुन्हा वर गेली, पुन्हा खाली आली. पंचेचाळीस. दुसऱ्या कानातही पंचेचाळीस. पस्तीस ओलांडले की माणसाला गोंगाटाच्या खात्यातून हलवायचं, असा कारखान्याचाच नियम होता.

तिने त्याला सगळं सांगितलं. अडॅप्टर, पन्नास, सोळा महिने. काही लपवलं नाही. तो ऐकून घेत होता.

"त्याआधीचा माझा कागद काय म्हणतो?"

"वीस."

"म्हणजे वीसचे पंचेचाळीस झाले. कधी?"

"माहीत नाही. मधे जे काही झालं ते सगळं दहाच दिसलं. कुणाला आवाज किती वाढवून ऐकवला गेला तेही काढता येत नाही. तीस असो, पंचेचाळीस असो, सगळ्यांचा दहाच."

"आणि परत यायचं काही?"

"कानातल्या पेशी एकदा गेल्या की परत येत नाहीत रे."

"अडॅप्टरसारखंच म्हणजे. खाली जात नाही." तो हसला, पण त्याचं त्यालाच ते झेपलं नाही. मग म्हणाला, "पस्तीस झाले तेव्हा कळलं असतं तर?"

"तर तेव्हाच तुला हलवलं असतं. दहा कान वाचले असते तुझे." असं म्हणून तिला कळलं की ती दहा डेसिबल म्हणायला गेली होती.

निदान आता तरी त्याला तिथून काढायचं, एवढंच तिच्या हातात होतं. तिने त्याचा निकाल सिस्टीममध्ये भरला. उपकरण काढून ठेवलं, मगच नेटवर्क जोडलं. शेवटच्या रकान्यात फर्मवेअरची आवृत्ती लिहायची होती. तिने जुनी लिहिली. लाल अक्षरं आली: 'उपकरण अद्ययावत नाही. तपासणी अग्राह्य.'

तिने कर्मचारी विभागाच्या बाईंना फोन केला.

"जुन्या व्हर्जनवर घेतलेली टेस्ट आम्हाला धरता येत नाही हो," त्या म्हणाल्या.

"जुनंच बरोबर आहे. नवीन चूक आहे. मी मोजून बघितलंय."

"असेल ना. पण मान्य यादीत नवीनच आहे. आणि सकाळचा त्यांचा निकाल इथे दिसतोय की. दहा, दहा. खाली सही तुमचीच आहे."

"ती तपासणी चुकीची होती."

"म्हणजे सोळा महिन्यांच्या सगळ्याच चुकीच्या?"

"हो."

"असं करा, लेखी द्या," बाई शेवटी म्हणाल्या. "तीन महिन्यांनी समिती बसते, तिच्यापुढे ठेवते. तोवर जे सिस्टीममध्ये आहे तेच. आणि मॅडम, तुम्हाला म्हणून सांगते, लिहिताना जरा जपून. अहवालही तुमचाच होता."

"तीन महिने तो प्रेसवरच राहणार?"

"सक्षम आहेत ना ते. सिस्टीम तसं म्हणते."

भाऊ दारातच उभा होता. त्याने एका बाजूचंच ऐकलं होतं, पण तेवढं पुरलं.

"फिट?"

"तीन महिने."

"बरं." त्याने घड्याळ पाहिलं. "दोनची पाळी आहे माझी."

"सुट्टी टाक."

"आणि तीन महिने घरी काय करू? भावजय तुझी ओरडेल आणि मला ऐकूही येणार नाही, ते आणखी वाईट."

"मग प्लग तरी नीट घाल. पिळून, आतपर्यंत. वरून गोंगाट अडवणाऱ्या कानटोपांची जोडी देते."

"घालतोच की, ताई. तू दाखवलंस तसंच घालतोय, सोळा महिने." तो हे टोमणा म्हणून बोलला नव्हता. तिने कानटोपांची जोडी काढून दिली आणि तो निघाला. बाहेरचं दार उघडलं तसा प्रेसचा ठोका खोलीत घुसला, दार लागलं तसा तुटला.

तिने निवेदन लिहिलं, जपून नाही, जसं घडलं तसं. हेडफोन उलटा फिरवायची ते सुद्धा लिहिलं. मग दोनशे चौदा नावांची यादी काढली आणि नेटवर्कची तार कात्रीने कापून टाकली, चुकूनही कुणी जोडू नये म्हणून. हे निकाल कुणी घेणार नव्हतं. ते पेन्सिलीने कागदावरच काढायचे होते आणि त्या त्या माणसाच्या हातात द्यायचे होते. तो कागद घेऊन त्याने काय करायचं, ते तिलाही सांगता आलं नसतं.

यादीतला पहिला आला, वेल्डर, तिशीचा. खुर्चीत बसता बसता म्हणाला, "मॅडम, मागच्या वेळी एक नंबर होता ना माझा?"

"बसा. आवाज आला की दाबा."

चार हजारच्या सुरात साठला त्याने बटण दाबलं. पन्नासला दाबलं. पंचेचाळीसला दाबलं. चाळीसला तो तिच्याकडे बघून हसला, पुढचा आवाज कधी सोडताय अशा नजरेने, आणि अंगठा बटणावर ठेवून वाट बघत राहिला.