डावीकडे कललेल्या खुणा

स्पर्धा जाहीर होऊन आठवडा उलटला, तरी कंपनीच्या पेजवर जेमतेम साठ नक्ष्या आल्या होत्या. कपड्यांची ही कंपनी नवा स्कार्फ बाजारात आणणार होती. त्यावरची नक्षी लोकांनीच काढून पाठवायची आणि लोकांनीच मतं देऊन निवडायची, अशी योजना. नावही मोठं आपुलकीचं, ‘तुमची नक्षी, आमचा स्कार्फ’. पण लोक फिरकेनात. साहेबांनी सगळ्यांना बोलावून फर्मावलं, की घरातून, शेजारातून, जिथून मिळतील तिथून नक्ष्या आणा. गर्दी दिसली तरच गर्दी जमते.

या पेजची सगळी उस्तवार जिच्याकडे होती तिला ऑफिसात पेजवालीच म्हणत. बाई हुशार, कामसू आणि गरजेपेक्षा जरा जास्तच तत्पर. स्पर्धेचे नियम तिनेच लिहिले होते. त्यांच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत, एक ओळ होती : आलेली प्रत्येक नक्षी, निवडली जावो अथवा न जावो, कंपनीच्या मालकीची राहील. ही ओळ कुणी वाचल्याचं आजवर ऐकिवात नव्हतं.

पेजवाली राहत होती त्या इमारतीत जिन्याखालच्या खोलीत शिलाईमावशी बसायच्या. उसवलेलं शिवायचं, लांब असेल ते आखूड करायचं, चेन बदलून द्यायची, असं त्यांचं काम. मावशी डावखुऱ्या. त्यामुळे कापडावर त्या खडूने ज्या खुणा करत, त्या सगळ्या डावीकडे कललेल्या. दाबायचं असेल तिथे फुली, सोडायचं असेल तिथे दोन रेघा, खांदा उतरवायचा असेल तिथे अर्धा चंद्र. उरलेल्या तुकड्यांच्या त्या पिशव्या शिवत, त्यांवर याच खुणा रंगीत दोऱ्याने काढत आणि पिशव्या दाराबाहेर खिळ्याला टांगून ठेवत. येणारे-जाणारे कौतुकाने विकत नेत.

पेजवालीने मावशींना गाठलं आणि त्या खुणा कागदावर काढून मागितल्या. “स्पर्धेत टाकते. तुमचं काय जातंय?” मावशी आधी लाजल्या, आपल्याला कुठे चित्रं येतात म्हणाल्या, पण दोन दिवसांनी खाकी कागदाच्या पाठीवर रंगीत पेन्सिलींनी अशी काही नक्षी काढून दिली, की पाहत राहावं. मावशींचा फोन साधा बटणांचा. पेजवालीने आपल्याच फोनने फोटो काढला, नावाच्या चौकटीत ‘शिलाईमावशी’ लिहिलं, ‘अटी मान्य’वर अंगठा दाबला आणि घाईघाईत जिना चढली.

हळूहळू गर्दी जमली. तीन हजारांवर नक्ष्या आल्या. निळ्या फुलांची एक नक्षी जिंकली, विजेतीचा फोटो लागला, टाळ्या झाल्या. मग साहेब म्हणाले, की आता हरलेला ढीग उपसू, खरा माल तिथेच असतो. एका दुपारी तिघं तो ढीग पाहत बसले, तेव्हा मावशींचा कागद पेजवालीनेच पुढे केला. तिच्या नजरेचं कौतुक झालं. तीन महिन्यांत त्या खुणा स्कार्फवर आल्या, शर्टांवर आल्या, हेअरबँडवरसुद्धा आल्या, आणि सोबतच्या कार्डावर छापलं होतं, ‘आमच्या डिझाइनकक्षातून’. पेजवालीला बढती मिळाली, काचेची केबिन मिळाली. कंपनी म्हणजे आयत्या बिळावरचा नागोबाच. फरक इतकाच, की नागोबाला बीळ दाखवायला हीच गेली होती.

सुरुवातीला तिने स्वतःशी ठरवलं, की मावशींना एक स्कार्फ नेऊन देऊ आणि गोडीत सांगून टाकू. पण आज नको, उद्या, असं करत दिवस गेले. खाई त्याला खवखवे! ती मागच्या दाराने ये-जा करू लागली. घरातली पँट आखूड करायची होती, तीही लांबच्या दुकानात देऊन आली.

एका रविवारी सकाळी मागचं दार बंद निघालं आणि तिला जिन्याजवळून जावंच लागलं. दाराबाहेरचा खिळा मोकळा होता. आत मावशी मांडीवर पिशव्यांचा ढीग घेऊन छोट्या कात्रीने त्यांवरचे टाके उसवत बसल्या होत्या. निळे, तांबडे, पिवळे दोरे जमिनीवर पडले होते. पेजवालीच्या तोंडून, “हे काय करताय?” एवढंच निघालं.

मावशींनी मान वर न करता सांगितलं, की एका मुलीने पिशवी परत आणून दिली. मोठ्या कंपनीची नक्कल विकता म्हणाली. फोनवर दाखवलंसुद्धा.

“अगदी तस्संच आहे हो, ताई. माझ्या नजरेखालून गेलं असणार कुठेतरी. डोळे चोरी करतात आणि आपल्याला पत्ता नसतो. या वयात नक्कल केल्याचा ठपका नको मला.”

स्पर्धेत दिलेला कागद त्यांना आठवत होता. पण तो हरला म्हणजे कुठेतरी रद्दीत गेला असणार, असं त्या धरून चालल्या होत्या. कंपनी तो उचलेल असं त्यांच्या मनातही आलं नाही. पेजवालीने काही सांगायला हवं होतं. ती “असू द्या, मावशी” म्हणाली आणि जिना चढली.

घरी सासूबाई होत्या. नोंदणी कचेरीतून निवृत्त झालेली बाई, माणसाचा चेहरा कागदासारखा वाचायची. दोन प्रश्नांत त्यांनी सगळं काढून घेतलं.

“पण नियमाने सगळं बरोबर आहे, आई. अट लिहिलेली होती.”

“इतकी बारीक का लिहिलीस?”

“सगळेच तशी लिहितात.”

“मोठ्या अक्षरांत लिहिली असती तर?”

“तर कुणी काही पाठवलंच नसतं.”

“म्हणजे तुला ठाऊक होतं.” सासूबाईंनी पुढे विचारलं, “बरं, मान्य म्हणून अंगठा कुणी दाबला?”

पेजवाली म्हणाली, “मी.”

“तीस वर्षं मी लोकांचे अंगठे घेतले. अंगठा ज्याचा, संमती त्याची, एवढंच शिकले. तुम्ही लोकांना ‘आपले’ म्हणून बोलावता. आपलं म्हणून बोलावलेल्या माणसाच्या खिशात हात घालू नये, अगं. आणि तिची नुसती नक्षी गेली नाही. ती स्वतःला चोर समजून बसली आहे. ते आधी उतरव.”

केवढा हा अन्याय! जिचं चोरीला गेलं, तीच चोर ठरली, आणि ते उघड्या डोळ्यांनी पाहून ही बाई ‘असू द्या’ म्हणून आली! पेजवालीला स्वतःची शिसारी आली.

दुसऱ्या दिवशी ती साहेबांकडे गेली. कार्डावर मावशींचं नाव छापा म्हणाली. साहेब हसले. एकीला नाव दिलं तर उद्या तीन हजार दारात उभ्या राहतील म्हणाले. शिवाय शिंप्यांच्या खुणा काय, सगळ्यांच्या सारख्याच. “सगळ्यांच्या डावीकडे कलत नाहीत,” ती म्हणाली. साहेबांनी तिच्या नव्या केबिनच्या काचेकडे बोट दाखवलं आणि विषय संपवला.

संध्याकाळी ती मावशींच्या खोलीत स्टुलावर बसली आणि सगळं सांगितलं. बारीक ओळ, अंगठा, हरलेला ढीग, बढती, काही लपवलं नाही. मावशींची कात्री थांबली.

“म्हणजे नक्कल मी केली नव्हती?”

“नाही, मावशी. आम्ही केली.”

मावशींनी बराच वेळ डोळे पुसले. ती मुलगी येऊन गेल्यापासून आठवत होते म्हणाल्या, हे कुठे पाहिलं, कुठे पाहिलं. मग त्यांचा आवाज चढला. “आणि काल सकाळी तुम्ही इथेच उभ्या होतात की! तेव्हा का नाही बोललात?”

पेजवालीने फोन काढला. पेजच्या किल्ल्या अजून तिच्याकडेच होत्या. तिने लिहून ठेवलेला मजकूर मावशींना वाचून दाखवला आणि विचारलं, तुमचं पूर्ण नाव घालून हे सगळ्यांसमोर टाकू का? मावशींनी तो दोनदा वाचून घेतला. “टाका. पण ‘चुकून झालं’ लिहिलंय, ते ‘चुकून’ तेवढं काढा.”

पेजवालीने ते काढलं. खाली खाकी कागदाचा तारखेसह फोटो लावला आणि मजकूर टाकला.

केबिन गेली. पेजही दुसऱ्याकडे गेलं. पण लोक विचारू लागले, विचारतच राहिले, आणि पंधरा दिवसांत कार्डं नव्याने छापावी लागली, मावशींच्या नावाची. मावशी पुन्हा पिशव्या टांगतात. पेजवालीशी नीट बोलतात, पण तिला ताई म्हणत नाहीत. तिनेही माफी मागून टाकली म्हणजे सुटले, असं मानणं सोडून दिलं आहे.

मित्रहो, चार डोकी एकत्र येऊन सुंदर काही घडत असेल, तर त्याहून चांगलं काय! तेव्हा कुणी कल्पना मागितली तर जरूर द्या, पण देण्याआधी शेवटची ओळ वाचा. आणि मागणारे तुम्ही असाल, तर ज्या आवाजात लोकांना बोलावलंत, त्याच आवाजात त्यांचं नावही घ्या.