रिकामी फणी

प्लेगाच्या भीतीनं माणसं गाव सोडून शिवारात राहायला गेली, त्या सालची ही भाऊबीज. रिसोडच्या वाटेवर, आंब्याखाली प्लेगखात्यातल्या शालिग्रामचा तंबू होता. तंबूत सूक्ष्मदर्शक, एक पांढरी चिनी बशी अन् बारीक दातांची फणी. मेलेल्या उंदराच्या अंगावरून फणी फिरवायची, बशीत पडलेल्या पिसवा वेचायच्या, मग उंदीर चिरून त्याच्या प्लीहेत रोगाचे जंतू शोधायचे.

घरातले उंदीर पुष्कळ तपासून झाले होते. "रानातल्या उंदरात हा रोग दाखव," डॉक्टरसाहेब म्हणाले होते, "मुंबईच्या प्रयोगशाळेत तुझी जागा पक्की."

तेव्हापासून त्याला दुसरं काही सुचत नव्हतं. केनवडला मोठ्या बहिणीकडे, गोजराकडे गेला, तेव्हाही तेच बोलला. आई गेल्यावर तिनंच त्याला कडेवर घेऊन वाढवलेलं.

"बाई, शेतात मेलेला उंदीर दिसला तर मले पायजे. पण हात लावू नको. चिमट्यानं उचल अन् रॉकेलच्या डब्यात टाक."

"गणपतीच्या वाहनाले चिमटा लावू? अन् मंग त्याच चिमट्यानं भाकर पलटू?" गोजरा हसली. "लय शिकला रे तू!"

तोही हसला. रॉकेल कायले, हे सांगायचं राहूनच गेलं. परतीची बैलगाडी थांबली होती.

भाऊबीजेला उन्हं कलताना गोजराची गाडी आली. गाडीच्या आधी तिचा आवाज आला,

*दिवाळीची बीज बाई, वाट पाहे माहा भाऊ*
*पदरी बांधून काय नेऊ, लाडक्याले काय देऊ*

त्यानंच धाडलेलं हिरवं लुगडं नेसून ती उतरली.

"शाल्या, किती वाळला रे! काय उंदरंच खाऊन राह्यला का?" तिनं कमरेला खोचलेला पदर सोडला. "पाह्य, तुह्यासाठी काय आणलं."

पळसाच्या पानावर हळदकुंकू वाहिलेला रानउंदीर. पोट पांढरं, अंग अजून मऊ.

"तुरीच्या तासात पडला होता. देवाचं वाहन, म्हून पदरात घेतला."

"बाई, तू तं माही मुंबईच आणली वं!"

ती ताट सजवू लागली. तो बशी घेऊन बसला. डोक्यापासून शेपटीपर्यंत फणी फिरवली. मग उलट्या केसांनी. पुन्हा फिरवली. बशी पांढरीच राहिली.

उंदीर थंड झाला की पिसवा त्याला सोडतात अन् जवळचं ऊन अंग धरतात. हे तो गावोगाव लोकांना सांगत फिरला होता.

मागून गोजरा म्हणाली, "तुह्या तंबूत पिसवा लय झाल्या बाप्पा. कमरेले चावून राह्यल्या."

तंबूत तर पिसवा मारायला तो रोज रॉकेल शिंपडत असे.

"बाई, लुगडं सोड. माहं धोतर नेस."

"काहून? आजच्या दिवशी? तूच तं धाडलं."

"सोड म्हणतो ना!"

त्याचा आवाज असा तिनं कधी ऐकला नव्हता. धोतर गुंडाळून ती बाहेर आली, तेव्हा तिनं बाहेर टाकलेलं हिरवं लुगडं आंब्याखाली जळत होतं. डोळे पुसत ती म्हणाली, "पेटवलं तं पेटवलं. आता पाटावर बस. ओवाळू दे."

तो बसला. निरांजन त्याच्या तोंडाभोवती फिरत राहिलं, अन् तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला.

तिला त्यानं परत जाऊ दिलं नाही. शेजारी झोपडी घालून दिली. ताप आला. जांघेत गाठ आली. वातात ती त्याला लहानपणच्या नावानं हाका मारी, पाणी नाही, ओवी मागे. त्याला एकच येत होती, ती भाऊबीजेला गाडीतून गात आलेली. तीच तो म्हणत बसला, ती ऐकेनाशी झाली तरी.

साहेब आले ते चितेची राख निवल्यावर. शालिग्रामनं त्या उंदराच्या प्लीहेची काच लावून ठेवली होती; सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून ते बराच वेळ वाकून राहिले.

"जंतूच जंतू! रानातल्या उंदरात! शालिग्राम, मुंबईची तयारी कर." मग बशीकडे पाहून म्हणाले, "अन् पिसवा? एवढ्या उंदरावर एकही नाही?"

शालिग्रामनं फणी हातात घेतली, उजेडाकडे धरली.

"होत्या, साहेब," तो म्हणाला. "बाईनं नेल्या."