धर्माजीचा खडा

उरणच्या मिठागरांत धर्माजीइतकं पांढरं मीठ कुणी पिकवत नसे, आणि त्याच्याइतका हट्टही कुणी धरत नसे. सन तेहतीसच्या चैत्रात त्याच्या कमरेत अशी कळ उठली, की त्याच्या ओरडण्यानं खाडीतले बगळे उडाले ते थेट चौलला जाऊन बसले म्हणतात. लघवी थेंब थेंब, तीही निखाऱ्यासारखी.

दत्तात्रेय डॉक्टरांनी कमर चाचपली. "मुतखडा आहे, बाबा. पाठीशी दोन मूत्रपिंडं असतात, ती रक्तातली घाण पाण्याबरोबर गाळून खाली मूत्राशयात सोडतात. पाणी कमी पडलं की घाणीचा खडा धरतो. घोट घोट पीत राहा. नाही सुटला तर उद्याच्या बोटीनं मुंबई. तिथं कापून काढतील."

कापण्याचं नाव निघताच धर्माजीच्या तोंडचं पाणी पळालं, आणि घरी येऊन त्यानं उरलंसुरलं प्यायचंही बंद केलं! त्याची अक्कल आगराची. पाणी बाहेर जायची वाट तुंबली की समुद्राकडची उघाडी, म्हणजे बांधातलं पाणी घ्यायचं दार, आधी बंद करायची, हे बापानं शिकवलेलं.

"खालून वाट न्हाय आनि वरून ओतू? बांध फुटंल माझा!"

बायको ठमी तांब्या घेऊन उभी. "अवो, आगराच्या खाचरात पानी थोडं आनि ऊन रग्गड, मंग काय व्हतं?"

"मीठ धरतं. लहान पोरगं बी सांगंल."

"आनि तुमी दिसभर उन्हात घोटभर पान्यावर उभं. मीठ न्हाय धरनार तर काय भात पिकंल?"

धर्माजीनं तिच्या हातातला तांब्या ओढला आणि तोंडाला लावला. मग दुसरा. संध्याकाळपर्यंत विहीर हातभर खाली गेली आणि शेजारणी भांडायला आल्या.

सकाळी मुंबईचं गाठोडं बांधून गाडी दारात उभी, तेवढ्यात धर्माजी पत्र्याचा डबा घेऊन कुडामागं पळाला.

टण्ण!

पाठोपाठ भरतीनंतरची उघाडी सुटावी तशी धार. तिकडे मोरा बंदरात मुंबईच्या बोटीवरच्या तांडेलाला वाटलं सुटायची घंटा झाली. त्यानं बोट सोडली.

धर्माजी बाहेर आला तो नव्या नवरदेवासारखा. ठमीनं डबा तिरपा केला. तळाशी मोहरीएवढा खडा.

"येवढ्यासाठी गाव डोक्यावर घेतलात?"

"मोठा तुकडा धारंसंगं समिंदरात गेला," धर्माजी म्हणाला. "गाठोडं सोड, ठमे. आनि येक तांब्या पानी आन."