पाठीचं माप

हॉलच्या दारात चपलांचा खच पडला होता आणि आत दोरीबाबा पाठी मोजत होते. मानेपासून कमरेपर्यंत काळी दोरी ताणायची. पहिल्या दिवशी कमरेशी आलेली गाठ नंतर खाली उतरली, म्हणजे कुबड तेवढं वितळलं. "डॉक्टर हात टेकतात, तिथं आमची दोरी सुरू होते," बाबा म्हणत आणि शिकलीसवरली माणसं माना डोलवत.

टेलरताईची गाठ दोन महिन्यांत तीन बोटं उतरली होती. डॉक्टरीणबाईंनी मणक्याचा टीबी सांगून एकही गोळी चुकवू नको म्हणून बजावलं होतं. बाबांनी सांगितलं, गोळीनं दोरी रुसते. तिनं गोळ्या बंद केल्या, कारण दोरीचं खालचं टोक धरायला तिचा सख्खा दादा उभा असे.

आज मात्र पाठीला दोरी लागली, तरी तिचं मन थाऱ्यावर नव्हतं. सकाळपासून पाय बधिर होते. दोन महिन्यांपूर्वी तिनंच मापानं शिवलेला कुडता पुढून जागच्या जागी होता, मागून मात्र दोन बोटं वर उचलला होता. कुबड वितळलं, तर कापड का कमी पडावं?

"बाबा, एकदा माझ्या टेपनं मोजा."

"टेपला श्रद्धा नसते, बाई."

"नसू दे. इंच असतात."

हशा पिकला. तेवढ्यात तिनं मागे हात नेऊन दोरी ओढली. दादाच्या हातून टोक सुटलं आणि दोरी सटकन आखडली. तिनं ती सगळ्यांसमोर ताणली, गाठ तीन बोटं सरकली. सोडली, परत आली. इलॅस्टिक होतं, तिच्याच दुकानातल्या खालच्या खणातलं. बाबांना नेमकं तेव्हाच ध्यान लागलं.

"दादा, तू दिलंस?"

"तुला धीर येत होता ना," दादा खाली बघत म्हणाला. "बाबा म्हणाले, दर आठवड्याला थोडं जास्त ओढायचं. इथं लोक मला मान देतात गं."

बाबा परका होता, त्यानं फसवलं तर फसवलं. पण तिची वाकत चाललेली पाठ दादाला दर आठवड्याला समोर दिसत होती, तरी तो ओढत राहिला. हे तिच्या जिव्हारी लागलं. ती उठताना त्यानं हात पुढे केला, तिनं भिंत धरली.

डॉक्टरीणबाईंनी तपासून गोळ्या पुन्हा सुरू केल्या. "पाय पहिल्यासारखे होतील?" तिनं विचारलं.

"गोळ्या सोडल्या नसत्यास, तर हो म्हणाले असते. आता बघू."

तेव्हा मंडळी, कुणी तुमचं दुखणं मोजायला लागला, की टेप आपल्या हातात घ्या. दुसरं टोक घरच्याच माणसानं धरलं असेल, तरीही घ्या.